फुकुशिमाच्या किनाऱ्यावर एक दिवस

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त टोकियो शहरीं जाऊन राहिले, त्यास आज नऊ वर्षें होऊन गेलीं. परंतु त्यांच्या बिऱ्हाडीं जाऊन चार दिवस राहण्याचा योग आम्हांस २०२५ सालच्या चैत्रापर्यंत आला नव्हता. निघण्याच्या आदल्या सायंकाळीं आमच्या वडील भगिनी, ज्यांस घरांत लहानथोर सर्वजण आक्का म्हणून हांक मारतात, त्या देवघरांतून बाहेर आल्या व अंगाऱ्याची पुडी आमच्या हातावर ठेवून म्हणाल्या, “तिकडचीं देवळें नि फुलें पाहण्यासाठीं मी तुला पाठवीत नाहीं हो. मुलाला, सुनेला आणि बाळाला घेऊन ये. ज्या मुलखांत पायाखालची जमीन स्वस्थ राहात नाहीं, तेथें संसार कसला मांडायचा? त्यांत तो अणूचा कारखाना फुटून पडलेला. उद्यां पुन्हां धरणी हालली, म्हणजे?”

आम्हीं “बरें” म्हटलें आणि पुडी खिशांत ठेविली.

आक्कांचें हें भय ऐकीव गोष्टींवरून उपजलेलें नव्हतें. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां आमचें बिऱ्हाड कऱ्हाडास होतें. आमचें वय सात, आक्कांचें पंधरा. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास भुईच्या पोटांतून मालगाडी धांवत जावी तसा घोष आला, फडताळावरील तांब्यापितळेचीं भांडीं खणखणत खालीं आलीं, आणि आक्कांनीं आम्हांस पांघरुणासकट उचलून अंगणांत आणून टाकलें. मागें वळून पाहतों तों माजघराच्या भिंतीचा वरचा थर आमच्या अंथरुणावर कोसळलेला! कोयनानगर तर उद्ध्वस्तच झालें. दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर कित्येक रात्री आम्ही ऐन थंडींत अंगणांतच निजलों. आणि त्या रात्रींत वडील माणसें हलक्या आवाजांत बोलत तीं भूकंपाविषयीं फारसें नव्हे, वर उभ्या असलेल्या धरणाविषयीं. धरणास भेगा पडल्याची वार्ता पसरली होती. पुढचा धक्का आला तर तें टिकेल काय, हाच प्रश्न जो तो दुसऱ्यास विचारी. पुढें त्या धरणास मागील अंगानें काँक्रीटचे भक्कम टेके देऊन तें बळकट करण्यांत आलें, आणि आजही तें उभें आहे. परंतु एकदां दुखावलेल्या बांधकामाखालीं राहण्याचें भय कसें असतें, हें त्या वयांतच आमच्या अनुभवास आलें.

टोकियोच्या पूर्वभागीं निशिकासाई नांवाची वस्ती आहे. तेथें भारतीय कुटुंबांची इतकी दाटी झाली आहे कीं, सायंकाळीं फिरावयास निघालें असतां मराठी शब्द कानीं पडल्यावांचून राहात नाहींत. त्याच एडोगावा विभागाच्या लोकनियुक्त सभेंत २०१९ सालीं योगेन्द्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले, हें वाचकांस वर्तमानपत्रांतून ठाऊक असेलच. आमच्या मुक्कामाच्या चौथ्या रात्रीं येथेंच आम्हांस जपानी भूमीची पहिली ओळख झाली. जेवणें आटोपून आम्ही नातवास रघुवंशांतील दिलीपाची गोष्ट सांगत होतों. एकाएकीं वरचा दिवा झोके घेऊं लागला आणि कपाटाचीं दारें खडखडलीं. आम्ही उठून दाराकडे धांवणार, तोंच तो आठ वर्षांचा मुलगा मेजाखालीं शिरला आणि आमचें धोतर ओढून म्हणाला, “आजोबा, बाहेर नको. आधीं डोकें आंत घ्या.” अर्ध्या मिनिटांत सर्व शांत झालें. मग तोच बाहेर येऊन आमच्या पायांपुढें सपाता ठेवूं लागला. कशास म्हणून विचारतां उत्तर मिळालें, “काच फुटली असेल तर पाय कापतो. शाळेंत सांगितलें आहे.” धक्का अगदींच किरकोळ होता. मुलगा दिलीपाची गाय सिंहाच्या तावडींतून सुटली कीं नाहीं एवढें विचारून झोंपीं गेला. आम्ही मात्र उजाडेपर्यंत जागे होतों.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूकंपाच्या लक्षणांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. पाण्यांत वास करणाऱ्या महाप्राण्यांमुळें भूमि कांपते असें एक मत, भूभारानें दमलेले दिग्गज निःश्वास टाकतात म्हणून असें दुसरें, वायूच्या आघातामुळें असें तिसरें आणि अदृष्टामुळें असें चवथें, अशीं प्राचीन आचार्यांचीं मतें त्यांत ग्रथित केलीं आहेत. जपानी लोकांच्या जुन्या समजुतीप्रमाणें भूमीखालीं नामाझु नांवाचा एक प्रचंड मासा असून काशिमाचा देव त्याच्या मस्तकावर शिळा दाबून धरतो; देवाचें अवधान सुटलें कीं मासा अंग हालवितो. जलचर महाप्राण्याचें आमचें मत आणि त्यांचा हा मासा यांतील साम्य पाहून आम्हांस मौज वाटली. आधुनिक शास्त्राचें म्हणणें असें कीं, प्रशांत महासागराचा तळ दरसाल सुमारें आठ सेंटिमीटर या वेगानें ईशान्य जपानच्या खालीं सरकत आहे. सरकतांना तो वरच्या थरास चिकटून बसतो, थर ताणला जातो, आणि शतकानुशतकें सांचलेला हा ताण असह्य झाला म्हणजे तो एका क्षणांत सुटतो. ११ मार्च २०११ रोजीं दुपारीं २ वाजून ४६ मिनिटांनीं असाच तो सुटला. त्या भूकंपाचें मान ९ होतें.

आक्कांस उत्तर द्यावयाचें तर तें ऐकीव माहितीवर देणें आम्हांस प्रशस्त वाटेना. तेव्हां चिरंजीवांनीं एक दिवसाची रजा काढली, सूनबाईंनीं दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि आम्ही पितापुत्र सकाळीं आठाच्या सुमारास उएनो स्टेशनांतून ‘हिताची’ गाडीनें उत्तरेकडे निघालों. हा जोबान लोहमार्ग समुद्राच्या कडेकडेनें जातो. २०११ च्या अपघातानंतर त्याचा मधला भाग बंद पडला होता. तो सर्व पुन्हां जोडला जाण्यास १४ मार्च २०२० उजाडावा लागला. सुमारें तीन तासांत आम्ही तोमिओका गांवीं उतरलों व तेथून पुढें भाड्याची मोटार घेतली.

तोमिओकाजवळ योनोमोरी येथें चेरीच्या वृक्षांची एक प्रसिद्ध वीथि आहे. आम्ही गेलों तेव्हां ती पूर्ण बहरांत होती. दोहों बाजूंच्या फांद्या वर एकमेकींस भिडलेल्या, आणि वारा येईल तशी पाकळ्यांची वृष्टि होत होती. परंतु बाजूच्या घरांकडे पाहिलें तर कित्येक जागा मोकळ्या, कित्येक ओसाड. या भागावरील निर्बंध १ एप्रिल २०२३ रोजीं उठले. तोंपर्यंत बारा वर्षें हीं झाडें बहुधा कोणी नसतांनाच फुलत होतीं. एक वृद्ध जोडपें झाडाखालीं चटई पसरून भाताचे मुटके खात बसलें होतें. त्यांनीं आम्हांसही एक देऊं केला. त्यांत खारवलेल्या आंबट फळाची फोड होती. आमच्या दशमीशीं तिची चव बेमालूम जमली. आम्हीं त्यांस चटणी दिली, ती त्यांस तिखट लागली, आणि उभयपक्षीं हंसें झालें.

याच गांवांत तोकियो विद्युत् कंपनीनें २०१८ सालीं उघडलेलें एक माहितीगृह आहे. इमारत पूर्वी वेगळ्या कामाची होती: एडिसन, आइन्स्टाइन व मेरी क्यूरी यांच्या जन्मघरांच्या धर्तीवर तीन टुमदार घरें शेजारीं शेजारीं बांधून तेथें अणुशक्तीची थोरवी मुलांस दाखवीत असत. आज त्याच घरांत अपघाताची हकीकत सांगतात आणि आरंभींच कंपनी क्षमा मागते. आम्हीं तेथें जें पाहिलें आणि चिरंजीवांनीं वाचून दाखविलें, त्याचें सार वाचकांसाठीं देतों.

फुकुशिमा दाइइची हें केंद्र सहा अणुभट्ट्यांचें. पहिली १९७१ सालीं सुरू झाली. बांधतेवेळीं तेथें समुद्राकांठीं सुमारें पस्तीस मीटर उंचीचा कडा होता. अवजड यंत्रें जहाजांतून उतरविण्यास व समुद्राचें पाणी वर घेण्यास सोयीचें व्हावें आणि पाया खडकावर यावा, म्हणून तो तासून पहिल्या चार भट्ट्यांपुरता दहा मीटरवर आणला. मोठ्या समुद्रलाटेची, जिला जपानी भाषेंत त्सुनामी म्हणतात तिची, उंची २००२ च्या हिशेबाप्रमाणें ५.७ मीटर धरली होती. पुढें २००८ सालीं कंपनीच्याच एका गणितांत १५.७ मीटरचा आंकडा निघाला. परंतु त्यावर आणखी अभ्यास व्हावा असें ठरून भिंत कांहीं उभी राहिली नाहीं. २०११ च्या त्या दिवशीं भूकंप होतांच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. बाहेरून येणारी वीज तुटली, तेव्हां डिझेलवर चालणारीं जनित्रें सुरू झालीं. येथपर्यंत सर्व यथायोग्य. सुमारें पन्नास मिनिटांनीं लाट आली, आणि तिचें पाणी केंद्रांत पंधरा मीटरच्या सुमारास चढलें. बहुतेक जनित्रें व विजेच्या पेट्या तळघरांत होत्या, त्या बुडाल्या. अणुभट्टी बंद केली तरी तिचें इंधन निखाऱ्यासारखें पुष्कळ काळ तापतच राहतें. त्यावर पाणी फिरतें ठेवणें प्राप्त असतें. तें थांबलें आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या भट्टींतील इंधन वितळून गेलें. १२, १४ व १५ मार्च या दिवशीं हायड्रोजन वायूचे स्फोट होऊन तीन इमारतींचीं माथीं उडालीं. सहाव्या भट्टीचें एक जनित्र उंचावर होतें व तें हवेनें थंड होणारें होतें. तें एक वांचलें, आणि त्याच्या बळावर पांचवी व सहावी या दोन्ही भट्ट्या वांचल्या. एवढ्या मोठ्या केंद्राच्या दोन भट्ट्यांचें भवितव्य एका यंत्राच्या जागेवर अवलंबून राहिलें, हें ऐकून आम्ही कांहीं वेळ स्तब्ध उभे राहिलों.

आतां आक्कांचा प्रश्न: पुन्हां धरणी हालली तर काय? हा प्रश्न तेथील जाणत्यांसही पहिल्या दिवसापासून पडला होता. चवथ्या भट्टीच्या इमारतींत, उंच मजल्यावरील हौदांत, इंधनाचे १५३५ जुडगे पाण्याखालीं ठेवलेले होते. स्फोटानें इमारत खिळखिळी झालेली. हौद कोसळून पाणी निघून गेलें तर उघड्या इंधनाचा अनर्थ पहिल्याहूनही मोठा होईल, ही भीति सर्व जगास होती. म्हणून २०११ च्या जुलैपर्यंत हौदाखालीं पोलादाचे व काँक्रीटचे आधार दिले, आणि २०१४ च्या डिसेंबरांत शेवटचा जुडगा काढून हौद रिकामा केला. तिसऱ्या भट्टीचा हौद २०२१ च्या फेब्रुवारींत रिकामा झाला. आम्ही गेलों तेव्हां पहिल्या व दुसऱ्या भट्टींच्या हौदांत मिळून हजाराच्या वर जुडगे अद्याप वरच होते.

दुसरी गोष्ट धुराड्याची. पहिल्या व दुसऱ्या भट्टीचें समाईक धुराडें १२० मीटर उंच; त्याच्या आधाराच्या पोलादी सांगाड्यास जागोजागीं तडे गेलेले. तें भूकंपांत आडवें पडूं नये म्हणून वरचा निम्मा भाग तुकडे तुकडे करून उतरविण्याचें ठरलें. फुकुशिमांतीलच एका लहान कंपनीनें तें काम पत्करलें. यंत्रें दुरून चालवावयाचीं होतीं. परंतु करवती अडकल्या, आणि २०१९ च्या डिसेंबरांत माणसांस शंभर मीटरहून अधिक उंचीवर पाळण्यांतून नेऊन हातांनीं कापावें लागलें. १ मे २०२० रोजीं तें काम संपलें. धुराड्याचें हें चित्र पाहतांना आमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, पुढच्या भूकंपाशीं लढाई अशी असते. ती लढाई आहे हें दुरून कळतसुद्धां नाहीं.”

मग १३ फेब्रुवारी २०२१ ची रात्र आली. ७.३ मानाचा भूकंप त्याच समुद्रांत झाला. पहिल्या व तिसऱ्या भट्टीच्या रक्षक पात्रांतील पाण्याची पातळी उतरली. म्हणजे जुन्या जखमा कोठें तरी अधिक उकलल्या. पाणी सांठविण्याच्या कित्येक टांक्या जागच्या सरकल्या. यांतून मोठा अनर्थ झाला नाहीं. परंतु थोड्याच दिवसांत कंपनीस सांगावें लागलें कीं, तिसऱ्या भट्टींत बसविलेलीं दोन्ही भूकंपमापक यंत्रें आदल्या वर्षींच बिघडलीं होतीं आणि दुरुस्त केलीं नव्हतीं. त्यामुळें ज्या धक्क्याची नोंद घेण्यासाठीं तीं बसविलीं, तोच धक्का त्यांनीं नोंदविला नाहीं. १६ मार्च २०२२ रोजीं पुन्हां ७.४ मानाचा भूकंप झाला आणि ईशान्येकडील वेगवान गाडी रुळांवरून घसरली. त्याच सुमारास पहिल्या भट्टीच्या पोटांत पाण्याखालीं यंत्रमानव सोडला होता. त्यानें आणलेल्या चित्रांत असें दिसलें कीं, शेंकडों टनांचें मुख्य पात्र ज्या वर्तुळाकार चौथऱ्यावर उभें आहे, त्याचें काँक्रीट वितळलेल्या इंधनानें खाऊन टाकलें असून आंतील लोखंडी गज उघडे पडले आहेत. नियामक मंडळानें कंपनीस विचारलें कीं, हा आधार अजीबात गेला असें धरून काय होईल तें सांगा. पात्र खचलें तरी तें फारसें खालीं जाणार नाहीं व बाहेर मोठा किरणोत्सर्ग होणार नाहीं, असें कंपनीचें उत्तर आहे.

भय आणि वस्तुस्थिति यांत भेद केला पाहिजे, म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, इंधनाची उष्णता २०११ च्या मानानें आतां फारच उतरली आहे. तेव्हां पाणी थांबलें तर उपाय करण्यास तास पुरले नव्हते. आतां पुष्कळ अधिक अवधि मिळेल. समुद्राच्या बाजूस १३ ते १६ मीटर उंचीची व सुमारें एक किलोमीटर लांबीची नवी भिंत २०२४ च्या मार्चमध्यें पुरी झाली आहे. परंतु तिन्ही भट्ट्यांत वितळून गोठलेला सुमारें ८८० टन गाळ आहे, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत पहिल्यानें जो तुकडा बाहेर आला त्याचें वजन ०.७ ग्रॅम होतें. हा गाळ मोठ्या प्रमाणावर काढण्यास २०३७ पूर्वी आरंभ होणार नाहीं, असें पुढें २०२५ च्या जुलैमध्यें जाहीर झालें. म्हणजे ज्या भूमीवर अवघ्या तेरा महिन्यांत ७ च्या वर मानाचे दोन धक्के बसले, तेथें हीं दुखावलेलीं घरें आणखी कित्येक दशकें उभीं ठेवावयाचीं आहेत.

दुपारीं आम्ही सहा क्रमांकाच्या राजमार्गानें उत्तरेस निघालों. केंद्र त्या रस्त्यापासून फार दूर नाहीं. पण आंत जाणाऱ्या वाटा जाळीच्या फाटकांनीं बंद. रस्त्याच्या कडेस हवेंतील किरणोत्सर्गाचे आंकडे दाखविणाऱ्या पाट्या. आपल्याकडे गांवाचीं अंतरें असतात तशा. पुढें नामिए गांवीं उकेदो नांवाच्या कोळीवाड्याजवळ समुद्रापासून सुमारें तीनशें मीटरांवर एक प्राथमिक शाळा आहे. ती भग्न स्थितींतच राखून २०२१ पासून लोकांस पाहावयास खुली केली आहे. ज्या कारणास्तव हा लेख लिहावयास बसलों, तें कारण येथें घडलें.

खालच्या मजल्याच्या खिडक्या, दारें, छत कांहींच शाबूत नाहीं. स्वयंपाकघरांतील पोलादी भांडीं एका कोपऱ्यांत चेंगरून पडलेलीं. व्यायामशाळेची जमीन खचलेली, आणि वर रंगमंचावर प्रमाणपत्रें देण्याच्या समारंभाचा फलक अजून लटकत आहे. समारंभाची तयारी त्याच आठवड्यांत चालली होती. आम्ही स्वतः चौतीस वर्षें फळ्यासमोर उभे राहिलों. असा फलक आम्हीं स्वतःच्या हातानें किती वेळां टांगला असेल!

त्या दुपारीं शाळेंत ८२ मुलें होतीं. भूकंप थांबतांच शिक्षकांनीं दीड किलोमीटरवरील ओहिरायामा टेकडीकडे मुलांस चालविण्यास प्रारंभ केला. मुलांस न्यावयास आलेल्या आईबापांसही त्यांनीं घरीं न पाठवितां टेकडीकडेच वळविलें. टेकडीच्या पायथ्याशीं वाट कोणती हें कळेना, तेव्हां चवथीच्या एका मुलानें सांगितलें कीं, खेळाच्या सरावासाठीं आपण येथून वर गेलों आहों. तो पुढें, शिक्षक मागें. लाटेनें शाळा गिळली तेव्हां सर्वच्या सर्व मुलें टेकडीवर होतीं. एकही दगावलें नाहीं. त्याच किनाऱ्यावर उत्तरेस इशिनोमाकी येथें ओकावा नांवाची दुसरी प्राथमिक शाळा होती. तिच्याही पाठीशीं टेकडी होती. तेथें मुलें सुमारें पन्नास मिनिटें पटांगणांत थांबलीं, आणि ७४ मुलें व १० शिक्षक गेले. २०१९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयांत जो निकाल कायम झाला, त्याचा आशय असा कीं, चूक त्या पन्नास मिनिटांपुरतीच नव्हती. आधीं जी तयारी व्हावयास पाहिजे होती, ती केली नाहीं.

हें वाचून दाखविल्यावर चिरंजीव पुढच्या खोलींत गेले. आम्ही मागें राहिलों, कारण आम्हांस एक कागद आठवत होता. सेवेच्या अखेरच्या वर्षांत एका शाळेची व्यवस्था आमच्याकडे होती. आपत्तीच्या प्रसंगीं मुलांस बाहेर काढण्याचा सराव दर सहामाहीस करावा व त्याचा अहवाल पाठवावा, असा वरून हुकूम होता. परीक्षा जवळ आल्या होत्या. जिना एकच आणि अरुंद. सराव घ्यावयाचा तर अर्धा दिवस मोडतो. आम्हीं “सराव समाधानकारक झाला” असें लिहून सही केली. एकदां नव्हे, चार वेळां केली. आमच्या शाळेस कांहीं झालें नाहीं. ती आमची पुण्याई नव्हे. तोमिओकास त्या बिघडलेल्या भूकंपमापकांची हकीकत ऐकून आम्हीं जपानी कंपनीस मनांत बोल लाविला होता. उकेदोच्या त्या खोलींत तो बोल परत फिरून आमच्याकडे आला.

शाळेच्या वरच्या मजल्यावरून दक्षिणेस पाहिलें असतां, पांच-सहा किलोमीटरांवर, समुद्राच्या कडेस केंद्रांतील यारी आणि धुराडीं दिसतात. त्या अंतराचा अर्थ तेथील लोकांस दुसऱ्याच दिवशीं कळला. ११ मार्चच्या रात्रीं गांवच्या अग्निशामक स्वयंसेवकांस ढिगाऱ्यांखालून हांका ऐकूं आल्या होत्या. उजाडल्यावर सामान घेऊन येऊं म्हणून ते परतले. उजाडतांच केंद्राजवळील सर्वांनीं दूर निघून जावें असा हुकूम सुटला. शोध पुन्हां सुरू होण्यास सुमारें महिना लागला. भूकंप आणि अणुकेंद्राचा अपघात हे दोन एकाच वेळीं आले तर एक दुसऱ्याच्या उपायाचे हात बांधून टाकतो, असा इशारा इशिबाशि कात्सुहिको या भूकंपशास्त्रज्ञांनीं १९९७ सालींच देऊन ठेविला होता. अपघातामुळें दीड लाखांहून अधिक लोकांस घरें सोडावीं लागलीं. आणि त्या वणवणींत व पुढच्या हालांत फुकुशिमा प्रांतांत दोन हजारांहून अधिक माणसें निवर्तलीं, त्यांत वृद्धच फार.

परततांना गाडींत चिरंजीवांनीं ओनागावाची गोष्ट सांगितली. हें दुसरें अणुकेंद्र त्या भूकंपाच्या मूळस्थानास दाइइचीहूनही जवळ. तेथील बांधणीच्या वेळीं हिराइ यानोसुके या अभियंत्यांनीं जमीन १४.८ मीटर उंचीवर असावी असा आग्रह धरला होता. सन ८६९ मध्यें या किनाऱ्यावर मोठी लाट आल्याचें जपानच्या जुन्या राजवृत्तांत नमूद आहे, तें त्यांनीं मनावर घेतलें होतें. २०११ ची लाट तेथें सुमारें १३ मीटरांची आली. केंद्र तरलें, आणि घरें गमावलेल्या आसपासच्या गांवकऱ्यांनीं त्याच केंद्राच्या आवारांत आसरा घेतला. संस्कृत घोकण्यांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हें ऐकून आनंद झाला हें खरें. पण तोच वृत्तांत दाइइचीच्या मंडळींसही उपलब्ध होता. ग्रंथ दोघांपाशीं होता. त्याप्रमाणें खर्च एकानेंच केला.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत जैतापुराजवळ माडबन येथें सहा अणुभट्ट्यांचें केंद्र योजिलेलें असून त्याविषयीं अनेक वर्षें वाद चालू आहे. त्या वादांत पक्ष घेण्याइतकें आमचें ज्ञान नाहीं. परंतु जो कोणी त्याविषयीं बोलेल, त्यास विचारावयाचे चार प्रश्न आम्ही त्या किनाऱ्यावरून घेऊन आलों आहों: जमीन किती उंचीवर? जनित्रें कोठें? यंत्र बिघडलें तर तें किती दिवसांत दुरुस्त होतें, आणि तें पाहतो कोण? आणि शेजारच्या गांवांतील शाळेच्या मुलांस टेकडीची वाट ठाऊक आहे काय?

त्या रात्रीं जेवतांना आम्हीं आक्कांचा निरोप मुलापुढें स्पष्ट मांडला. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “बाबा, आत्याला सांगा, आम्ही परत येऊं तेव्हां तुमच्यासाठीं येऊं, जमिनीच्या भीतीनें येणार नाहीं. जमीन आपल्याकडेही हालतेच. किल्लारीला १९९३ सालीं माणसें झोंपेंतच गेलीं ना?” सूनबाई ताट वाढीत होत्या, त्यांनीं नातवाच्या उशाशीं टांगलेली पिशवी दाखविली. तींत पाणी, विजेरी, शिट्टी आणि सुका खाऊ. आम्ही पुढें आग्रह केला नाहीं. आमचें भय गेलें होतें असें नाहीं. त्या घरीं जेवढी तयारी होती तेवढी आमच्या वाड्यांत नव्हती, म्हणून बोलवेना.

घरीं आल्यावर आक्कांनीं सर्व हकीकत डोळे मिटून ऐकली. “म्हणजे आणलें नाहींसच,” एवढेंच त्या म्हणाल्या. मग आम्हीं त्यांस त्या चार सह्यांची गोष्टही सांगितली. ती आजवर घरांत कोणास सांगितली नव्हती. आक्कांनीं कांहीं टोंचून म्हटलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं खणखणाट ऐकून आम्ही माजघरांत गेलों, तों त्या दोघां पुतण्यांस हाताशीं घेऊन, लेंकरें निजतात त्या भिंतीवरच्या फळीवरील घागरी व पातेलीं एक एक करून खालीं उतरवीत होत्या.